गिधाडांचा पंचनामा कोण करणार?

खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईच्या लोकांना लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे खंडाळा आठवते. आमचे खंडाळा ते नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते आणि तिथून खंबाटकी घाटाच्या पायथ्यापर्यंत आमचा तालुका पसरलेला आहे. याच तालुक्यात नायगाव आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे हे जन्मगाव. दर वर्षी ३ जानेवारीला तिथे हजारो आया-बहिणी येतात, अभिवादन करतात.

सावित्रीमाई गेल्या प्लेगने. १८९७ साल होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला, स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या प्लेगची एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. माणसे मरण्याआधी उंदीर मरत होते. घरात उंदीर पडायला लागले की लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहत. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, तरी त्यावर विश्वास बसायला बरीच वर्षे गेली. तोपर्यंत उंदीर पडणे ही केवळ वस्तीतली चर्चा होती. त्याची नोंद म्हणून, पुरावा म्हणून किंमत नव्हती.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, प्लेगच्या उंदरांनी दिली तशीच एक सूचना आपल्या डोळ्यांदेखत गिधाडांनी दिली. आपण ती ऐकली नाही. त्याची किंमत माणसांनी मोजली, आणि ती कोणत्या माणसांनी मोजली हे या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

मी लहान असताना, १९९० च्या आसपास, आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या कडेला मेलेली जनावरे टाकण्याची जागा होती. जवळच आमच्या पूर्वजांची वतनी जमीन, हाडकी-हाडोळा. नावातच हाडे आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वाड्याने ढोरे ओढणे आणि फाडणे कायमचे बंद केले. मग ज्याचे जनावर त्याने बैलगाडीने, पुढे ट्रॅक्टरने ओढून तिथे टाकायचे, अशी पद्धत पडली. जनावर पडले की आभाळात एक ठिपका दिसायचा, मग दहा, मग पन्नास. आम्ही पोरे बांधावर बसून बघत असू. तासाभरात बैलाचा सांगाडा उरायचा. वास नाही, माशा नाहीत, कुत्री नाहीत.

काही वर्षांनी, मी हायस्कुलात असताना, आजोबा ओढ्याकडून आले आणि म्हणाले, "आरं, बैल पडून तीन दिस झालं. एकबी गिधाड आलं न्हाई. कायतरी इपरीत घडलंय." आजोबांनी आयुष्याची पहिली तीस वर्षे मेलेल्या ढोरांच्या संगतीत काढली होती. त्यांना जे कळले ते त्या काळी तालुक्याच्या एकाही कचेरीत कोणाला माहीत नव्हते. पण आजोबांना विचारायला कोण येणार? वकिलीच्या भाषेत सांगायचे तर प्रत्यक्ष साक्षीदार हजर होता, त्याची साक्ष मात्र कोणी नोंदवली नाही.

पुढे काय झाले ते पाहू. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी करून ठेवली होती. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा गिधाडे झपाट्याने कमी झालेली दिसली. माना टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली गिधाडे सापडू लागली. जुना आकडा लिहिलेला होता म्हणून नव्या आकड्याला अर्थ आला, हे लक्षात घेतले पाहिजे. जे मोजलेले नसते त्याचा नाश झाला तरी तो सिद्ध करता येत नाही.

सुरुवातीला शंका होती साथीच्या रोगाची. विषाणू शोधला गेला, सापडला नाही. मेलेल्या गिधाडांची उत्तरीय तपासणी केली तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर पांढरा थर आढळला. मूत्रपिंड निकामी झाल्याने युरिक ॲसिड साठून तो थर बसला होता. मग प्रश्न असा आला की मूत्रपिंड निकामी करणारी कोणती वस्तू गिधाडांच्या पोटात जाते? डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या पंजाबात याचा माग काढला आणि २००४ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. ती वस्तू म्हणजे डायक्लोफिनॅक. आपण गुडघा दुखला की घेतो तीच वेदनाशामक गोळी. १९९० च्या दशकात ती स्वस्त झाली आणि जनावरांना सर्रास टोचली जाऊ लागली. इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले, तर औषध त्याच्या मांसात उरते. ते मांस खाल्लेले गिधाड काही दिवसांत मरते. गिधाडे थव्याने जेवतात, त्यामुळे एक विषारी जनावर अनेक गिधाडांना पुरते. मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून भरपाई होत नाही. शंभरात एकाहून कमी जनावरांत हे औषध घातक प्रमाणात असले तरी गिधाडांचा निर्वंश व्हायला तेवढे पुरेसे होते, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. हजारातले एक उरले. लांब चोचीची गिधाडे जवळपास ९७ टक्के घटली. एकेकाळी कोट्यवधी गिधाडे असलेल्या देशात ही पडझड झाली आणि कारण सापडेपर्यंत दहा वर्षे निघून गेली.

आता चळवळीतले काही मित्र म्हणतील, वकीलसाहेब, आमच्यापुढे अत्याचाराचे, आरक्षणाचे, शिष्यवृत्तीचे प्रश्न पडलेले असताना तुम्ही पक्षी काय घेऊन बसलात? पक्षी-निसर्ग हा दुर्बीण गळ्यात अडकवणाऱ्या सुखवस्तू लोकांचा छंद आहे. या मित्रांना माझे नम्रपणे सांगणे आहे की, प्रश्न पक्ष्याचा आहे तितकाच मेलेल्या ढोराचा आहे. आणि मेलेले ढोर ज्यांच्या गळ्यात शतकानुशतके बांधले गेले ते आपण आहोत.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला आठवते, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, असे आपल्या माणसांना बजावले होते, हेही आठवले पाहिजे. आपल्या आजा-पणजांनी बाबासाहेबांचा शब्द पाळला. गावाने त्रास दिला, बलुते बंद केले, तरी पाळला. पण देशातल्या सगळ्याच जातबांधवांची त्या कामातून सुटका झाली नाही. गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात ११ जुलै २०१६ रोजी मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर नेऊन टाकली आणि सरकारला विचारले, तुमची गाय आहे, तुम्हीच उचला. गिधाडे गेल्यावर हे काम कमी झाले की वाढले, याचा विचार करा.

भाषेतही पाहा. आपण एखाद्या लुटारूला शिवी देताना 'गिधाड' म्हणतो. वस्तुतः गिधाड कोणाला लुबाडत नाही. दुसऱ्याने टाकलेली घाण ते साफ करते. घाण करणारा उजळ माथ्याने फिरतो आणि घाण काढणारा अपवित्र ठरतो, हा मनूचा न्याय आपल्या समाजाने पक्ष्यालाही लावला.

या पक्ष्याच्या जाण्याची किंमत आता मोजली गेली आहे. शिकागो विद्यापीठाचे इयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचे संशोधन २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात आले. जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती असे जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती असे जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. गिधाडे गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. कारणे आपल्या परिचयाची आहेत. कुजणारी जनावरे ओढ्या-नाल्यात गेली, पाणी नासले, भटकी कुत्री वाढली, रेबीज वाढला. ज्याच्या घरी पाणी शुद्ध करायचे यंत्र आहे आणि जो चारचाकीतून फिरतो, त्याला यातले किती भोगावे लागले? सार्वजनिक हातपंपावर अवलंबून असलेल्या आणि पहाटे शेताला पायी जाणाऱ्या माणसाने ते भोगले. ही पाच लाख माणसे कोणत्या वस्तीतली होती, त्याचा पंचनामा अजून व्हायचा आहे.

कायदा झाला नाही असे नाही. २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बनवण्याचे परवाने मागे घेण्याचे आदेश निघाले. २००८ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६-अ खाली अधिसूचना काढून जनावरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. पण माणसांसाठीची मोठी बाटली दुकानात होतीच, ती गोठ्यात जाऊ लागली. २००७ ते २०१० या काळात अभ्यासकांनी ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जाऊन जनावरासाठी औषध मागितले, तेव्हा ३६ टक्के दुकानांत डायक्लोफिनॅक मिळाले. शेवटी २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचे मापही एका डोसापुरते, म्हणजे तीन मिलिलिटरचे करण्यात आले. गिधाडांना घातक ठरलेली ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधे जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ साल उजाडले आणि निमेसुलाइडसाठी २०२४ ची अखेर. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले पर्यायी औषध २००६ पासून माहीत आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या जनावराला वेदना सोसायला लावा, असे कोणी म्हणत नाही.

कागदावर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात काय आहे? मध्यंतरी मी एका औषध दुकानात गेलो आणि म्हैस लंगडते आहे, इंजेक्शन द्या, असे सांगितले. दुकानदाराने तीन-तीन मिलिलिटरचे पाच ॲम्प्यूल पुढे ठेवले. "माणसाचंच आहे, पण चालतंय," म्हणाला. चिठ्ठी विचारली नाही. मी पावती मागितली, ती मिळाली नाही. त्यानंतर एका कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज केला: मागील पाच वर्षांत तालुक्यात मेलेल्या किती जनावरांच्या यकृताची वेदनाशामक औषधांसाठी तपासणी झाली? उत्तर एका शब्दाचे आले. 'निरंक.'

माझे म्हणणे या एका शब्दाशी आहे. बंदी घालणे हे कायद्याचे अर्धे काम झाले. बंदी पाळली जाते की नाही हे तपासणे हे उरलेले अर्धे. संशयास्पद मृत्यू झाला की आपण शवविच्छेदन करतो, व्हिसेरा राखून ठेवतो, प्रयोगशाळेत पाठवतो, तेव्हा कुठे न्यायालयात काही सिद्ध होते. मेलेल्या जनावराचे आणि पक्ष्याचे यकृत हाही व्हिसेराच आहे. २००४-०५ मध्ये १२ राज्यांतून मेलेल्या जनावरांच्या यकृताचे अठराशेहून अधिक नमुने तपासले गेले आणि दर दहापैकी एकात डायक्लोफिनॅक सापडले. बंदीनंतर पुन्हा नमुने घेतले तेव्हा प्रमाण कमी झाले होते, पण शून्यावर आले नव्हते. हे नमुन्यांमुळे कळले, म्हणून २०१५ ची अधिसूचना निघू शकली. नमुना नसेल तर पुरावा नाही, आणि पुरावा नसेल तर अधिकारी म्हणणार, सर्व काही आलबेल आहे.

हे एका औषधापुरते नाही. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांत ठेवलेल्या बहिरी ससाण्याच्या जुन्या अंड्यांची कवचे तपासली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ती पातळ झाल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. तो डीडीटीचा परिणाम होता. तिथे १९६० च्या दशकापासून रस्त्याकडेला मेलेले शिकारी पक्षी सामान्य नागरिक प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि त्यांच्या यकृतात कोणते विष आहे याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. शिकारी पक्षी अन्नसाखळीच्या टोकाला असतो. शेतातले, पाण्यातले विष थोडे थोडे करून त्याच्यात साठते. त्यामुळे तो आधी बोलतो.

आणि तो बोलल्यावर ऐकले नाही तर काय होते? १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात स्वेनसन्स हॉक जातीचे हजारो ससाणे शेतात मरून पडले. टोळ-नाकतोड्यांसाठी फवारलेल्या मोनोक्रोटोफॉसने त्यांचा बळी घेतला होता. त्यानंतर त्या देशात या औषधावर बंदी आली. आपल्याकडे २००५ मध्ये भाजीपाल्यावर ते वापरू नये एवढे ठरले, पण कापसावर फवारणी चालूच राहिली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या फवाऱ्यांत इतर कीटकनाशकांबरोबर मोनोक्रोटोफॉसही होते. त्यावर जवळपास पूर्ण बंदी यायला २०२३ साल लागले. हे विष शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्यावर घाला घालते. ते द्रव्य ससाण्यात आहे तसे पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुरातही आहे. ससाण्यांनी साक्ष दिली १९९६ मध्ये. आपल्या मजुरांना तीच साक्ष २१ वर्षांनी स्वतःच्या देहाने द्यावी लागली. पक्ष्याची तपासणी झाली नाही तर गरीब माणूसच तपासणीचे यंत्र होतो, हे मला या लेखातून सांगायचे आहे.

मग आपण काय करायचे? आमच्या तालुक्यापुरते बोलतो. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशूंचे शवविच्छेदन शिकवणारी सरकारी संस्था तालुक्यातच आहे, मग 'निरंक' का? आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

पहिली मागणी, तालुक्यात मेलेल्या जनावरांच्या यकृताचे ठरावीक नमुने दर वर्षी तपासले जावेत आणि निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. दुसरी, घार, घुबड, ससाणा, कावळा असा कोणताही पक्षी संशयास्पद मेलेला आढळला तर तो पुरून न टाकता त्याचे शवविच्छेदन व्हावे. कार्यकर्त्यांनी एक लक्षात ठेवावे. असा पक्षी उघड्या हाताने उचलू नये आणि घरी ठेवू नये. गिधाड तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वन खात्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तिसरी, अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांत गिऱ्हाईक बनून तपासणी करावी. चौथी, शिरवळ-केसुर्डीचा औद्योगिक पट्टा आणि खाली वीर धरणाचे पाणी, तसेच बागायतीतली फवारणी, यांच्या परिणामांची तपासणी पाणपक्ष्यांपासून सुरू करावी आणि फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी हंगामाआधी आणि नंतर मोफत व्हावी.

पाचवी मागणी आपली खास आहे. महाराष्ट्रात गिधाडे वाचवण्याचे चांगले प्रयत्न चालू आहेत. महाडची सिस्केप ही संस्था रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात काम करते. २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे रानात सोडण्यात आली. गिधाडांना सुरक्षित अन्न मिळावे म्हणून मेलेली जनावरे ठरावीक जागी नेऊन टाकण्याचे उपक्रमही होतात. त्यांचे स्वागत आहे. पण प्रत्येक ठिकाणी आपण एक प्रश्न विचारला पाहिजे: जनावर उचलणार कोण? ते यंत्राने उचलले जावे. तिथे काम करणारा कोणत्याही जातीचा असावा. त्याला पगार, हातमोजे, लस आणि विमा मिळावा. गिधाड वाचवण्याच्या नावाखाली महारकी परत येणार असेल तर ती आम्हाला मान्य नाही. संविधानाचे कलम ४८-अ पर्यावरणाचे रक्षण करायला सांगते आणि कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. दोन्ही कलमे एकाच ग्रंथात आहेत, दोन्ही एकत्रच पाळावी लागतील.

सहावी आणि शेवटची गोष्ट मागणी नाही, विनंती आहे. आपल्या वस्तीत ज्यांनी ढोरे ओढली, फाडली, कातडी कमावली अशी म्हातारी माणसे अजून हयात आहेत. गिधाडे कधी होती, किती होती, कोणत्या कड्यावर बसत, कधीपासून येईनाशी झाली, हे त्यांना विचारा. गाव आणि अंदाजे साल घालून वहीत लिहा. या ज्ञानासोबत अपमान आला म्हणून आपण ते टाकून दिले. अपमान टाकला ते योग्यच केले, पण ज्ञान कशाला टाकायचे? माझे आजोबा २००९ साली गेले. त्यांना साल, आकडा, जागा सगळे ठाऊक होते. मी वकील झालो, शेकडो साक्षी नोंदवल्या, पण त्यांची साक्ष मी नोंदवली नाही. ती चूक माझी.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, ठराव घ्या, प्रत मागा. पुढच्या वेळी माहितीच्या अधिकारात अर्ज करू तेव्हा उत्तरात 'निरंक' हा शब्द येता कामा नये.

जयभीम.